प्रश्नाचे उत्तर, प्रश्नाला उत्तर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. त्यांना बहुधा शाळेच्या आठवणी हव्या असाव्यात. पण आठवणी सांगणारे इथे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. मी चौतीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवले. तेव्हा मला जे येते तेच करतो. आज इंग्रजीतले एकच नाम घेऊ : 'आन्सर', म्हणजे उत्तर. आणि एवढेच पाहू, की त्याच्यापुढे 'ऑफ' लावायचे की 'टू'. घाबरू नका, शेवटी परीक्षा नाही.

मराठी शाळेतल्या मुलाची वही उघडा. 'आन्सर ऑफ द क्वेश्चन' असे लिहिलेले हमखास सापडेल. मास्तर त्या 'ऑफ'भोवती लाल गोल काढतात, वर 'टू' लिहितात आणि म्हणतात, "पाठ करा." मुलगा पाठ करतो आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा 'ऑफ' लिहितो. कारण त्याला का, ते कोणी सांगितलेलेच नसते.

खरे तर त्या मुलाचा तर्क अगदी बरोबर आहे. आपण मराठीत 'प्रश्नाचे उत्तर' म्हणतो. 'चा-ची-चे' ही षष्ठी, आणि षष्ठी म्हणजे 'ऑफ', हे त्याला पाचवीत शिकवलेले असते. त्याने शिकवलेला नियम इमानदारीने लावला. चूक झाली ती मराठी न आल्यामुळे नाही, मराठी पक्की असल्यामुळे झाली.

आता हा 'चे' जरा जवळून पाहू. 'प्रश्नाचे उत्तर.' 'विद्यार्थ्याचे उत्तर.' 'चार गुणांचे उत्तर.' 'कालचे उत्तर.' चारही ठिकाणी एकच 'चे'. पण नाती चार वेगवेगळी. पहिले उत्तर प्रश्नाला दिलेले, दुसरे विद्यार्थ्याने दिलेले, तिसरे चार गुणांसाठी लिहिलेले, चौथे काल दिलेले. मराठी माणसाला संदर्भावरून हे सारे कळते, त्यामुळे एका 'चे'वर भागते. आपली षष्ठी म्हणजे घरातली मोठी टोपली आहे. जे येईल ते तीत टाकायचे, आणि घरातल्या माणसाला कुठे काय आहे ते माहीत असते. इंग्रजीने मात्र त्याच सामानाला वेगवेगळे डबे केले आहेत : 'ऑफ', 'टू', 'फॉर', 'फ्रॉम'. 'आन्सर टू द क्वेश्चन' म्हणजे प्रश्नाचे उत्तर. 'आन्सर ऑफ अ वाइज मॅन' म्हणजे शहाण्या माणसाने दिलेले उत्तर. म्हणजे 'आन्सर'पुढे 'ऑफ' कधीच येत नाही असे नाही. उत्तर देणारा माणूस सांगायचा असेल तर येतो, प्रश्न सांगायचा असेल तर येत नाही. आणि शेजारच्या बाकावरून मिळालेले उत्तर 'आन्सर फ्रॉम', हे इथल्या कित्येकांना वेगळे शिकवायला नको.

मग मुलाने ओळखायचे कसे? मी बरीच वर्षे याद्या पाठ करून घेत होतो, तशी त्या काळी पद्धतच होती. नंतर एक गोष्ट ध्यानात आली. उत्तर इंग्रजीत शोधायची गरज नाही, ते मराठीतच आहे. आपण 'प्रश्नाचे उत्तर' म्हणतो, तसे 'प्रश्नाला उत्तर दे' असेही म्हणतोच ना? तो 'ला' म्हणजेच 'टू'. तेव्हा मुलांना सांगायला लागलो : 'चा-ची-चे' दिसले की लगेच 'ऑफ' लिहू नका. आधी त्या जागी 'ला' बसतो का पाहा. बसला तर 'टू'. नाही बसला तर 'साठी' बसवून पाहा. बसला तर 'फॉर'. दोन्ही नाही बसले तर मग 'ऑफ'.

करून पाहू. पत्राचे उत्तर : पत्राला उत्तर, 'रिप्लाय टू'. कुलपाची चावी : कुलपाला चावी लाव, 'की टू'. नियमाचा अपवाद : नियमाला अपवाद, 'एक्सेप्शन टू'. प्लास्टिकचा पर्याय : प्लास्टिकला पर्याय, 'ऑल्टर्नेटिव्ह टू'. लग्नाचे आमंत्रण : लग्नाला आमंत्रण, 'इन्व्हिटेशन टू'. किल्ल्याची भेट : किल्ल्याला भेट, 'व्हिजिट टू'. आता वर्गाची खोली घ्या. 'वर्गाला खोली' म्हटले तर काहीतरी वेगळेच होते, 'वर्गासाठी खोली' म्हणजे अजून मिळायची आहे. तेव्हा 'ऑफ'.

आपल्या रोजच्या प्रवासातले उदाहरण घ्या. 'विरारची गाडी.' संध्याकाळी दादरला उभे राहून कोणी म्हणाले, "विरारची गाडी आली," तर ती विरारला जाणारी. सकाळी बोरिवलीला उभा असलेला माणूस म्हणाला, "विरारची गाडी भरूनच येते," तर ती विरारहून आलेली. तोच 'ची', पण गाडीचे तोंड उलट्या दिशेला. आपल्याला वेळेवरून कळते, म्हणून आपण चुकीच्या गाडीत चढत नाही. इंग्रजीला मात्र सांगावेच लागते : विरारला जाणारी 'ट्रेन टू विरार', विरारहून येणारी 'ट्रेन फ्रॉम विरार'. 'ला' आणि 'हून' मनात घातले की झाले. आपल्या स्टेशनाचे नावही असेच आहे. 'वसई रोड'. पूर्वी रेल्वे एखाद्या गावात न शिरता थोडी दूरून गेली, की त्या गावच्या वाटेवरच्या स्टेशनाला 'रोड' जोडत असत. म्हणजे तो 'रोड टू वसई'. गाव पश्चिमेला, किल्ल्याकडे, आणि स्टेशन इकडे माणिकपूर-नवघरला. पाटीवरून 'टू' गळला आहे, पण अर्थ तोच आहे.

आता 'साठी' पाहू. आपल्याकडे ज्या वाक्यावर कित्येक मोर्चे निघाले ते वाक्य घ्या : 'लोकांची पाण्याची मागणी'. सूर्या धरणाचे पाणी, उसगाव, पेल्हार, टँकर, सगळे आपण पाहिले आहे. या तीन शब्दांत 'ची' दोनदा आला. मागणी करणारे लोक, आणि मागितले ते पाणी. इंग्रजीत दोघांना एकच शब्द लावला तर अर्जाचा घोटाळा होतो. 'डिमांड ऑफ द पीपल फॉर वॉटर.' जो मागतो त्याला 'ऑफ', जे मागितले त्याला 'फॉर'. पाण्यासाठी मागणी. हातात नाही आणि हवे आहे, अशा बहुतेक नामांपुढे 'फॉर' येतो : 'नीड', 'रिक्वेस्ट', 'डिमांड', 'ॲप्लिकेशन', 'होप'.

इथे एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. हा सारा मामला नामाचा आहे. तोच शब्द क्रियापद झाला की पुष्कळदा शेपूट गळते. 'आन्सर द क्वेश्चन', मध्ये काही नाही. 'डिस्कशन अबाउट द मॅटर', पण 'डिस्कस द मॅटर'. 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'आय रिक्वेस्ट लीव्ह'. रजेच्या अर्जात 'आय रिक्वेस्ट फॉर' लिहिणारा माणूस नामाचा सोबती क्रियापदाला चिकटवतो, एवढेच. आणि क्रियापदाला मुद्दाम 'टू' लावला तर अर्थच बदलतो. 'आय आन्सर टू द हेडमास्टर' म्हणजे मी मुख्याध्यापकांना उत्तरदायी आहे. मराठीतल्या 'उत्तरदायी'तसुद्धा 'उत्तर' आहेच.

आणखी एक बारीक गोष्ट. 'टू' हा बसतो 'क्वेश्चन'च्या आधी, पण त्याला निवडतो तो 'आन्सर'. म्हणून 'क्वेश्चन'कडे कितीही पाहिले तरी उपयोग नाही. 'आन्सर' शिकतानाच 'आन्सर टू' असा जोडीने शिकायचा. आपण सासरी गेलेल्या मुलीला घरी बोलावतो तेव्हा जावयालाही बोलावतो, तसे.

आता ही युक्ती सगळीकडे चालते असे मी म्हणणार नाही. इथे बसलेले माझे शिक्षक मला लगेच उभे करतील. 'पिकाचे नुकसान' हे 'डॅमेज टू', 'पेनिसिलीनची ॲलर्जी' हीसुद्धा 'ॲलर्जी टू', पण मराठीत तिथे 'ला' नीट बसत नाही. 'उशिराचे कारण' घ्या. इंग्रजीत कारणाला दोन शब्द, आणि दोघांचे सोबती वेगळे : 'रीझन फॉर', पण 'कॉज ऑफ'. 'स्वतःवर विश्वास' म्हणताना आपण 'वर' म्हणतो, इंग्रज 'कॉन्फिडन्स इन' म्हणतो. लग्न आपण कोणाशी तरी करतो, म्हणून आपल्या तोंडी 'मॅरेज विथ' येते. ते सहसा 'मॅरेज टू' असते. असे शब्द पाठच करावे लागतात. पण शंभर शब्द पाठ करणे वेगळे आणि वीस करणे वेगळे.

आणि जिथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात, ते तर आपण मुलांना सांगतच नाही. मालावर कर, 'टॅक्स ऑन'. प्लास्टिकवर बंदी, 'बॅन ऑन'. तब्येतीवर परिणाम, 'इफेक्ट ऑन'. सर्वांत गंमत 'इंटरेस्ट'ची. गणितात रस, 'इंटरेस्ट इन'. कर्जावर व्याज, 'इंटरेस्ट ऑन'. एकाच इंग्रजी नामाचे दोन अर्थ, आणि ते नेमके आपल्या 'त' आणि 'वर' यांच्याच बोटाला धरून चालतात. ज्याला 'कर्जावर' आणि 'गणितात' कळते त्याला हे येतच आहे. फक्त येते हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

हे सगळे मी आज का सांगतो आहे? एका 'ऑफ'साठी एवढा वेळ का? कारण या छोट्या शब्दांपायी माणसे गप्प बसतात.

माझी एक विद्यार्थिनी नर्सिंग शिकली. हुशार, कामाला वाघीण. मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेली. तिला एका रुग्णाविषयी विचारले आणि ती 'मेडिसिन ऑन फीवर' असे काहीसे बोलली. आपण तापावर औषध म्हणतो, तेच तिने इंग्रजीत नेले. समोरच्या एकाने हसून विचारले, औषध तापाच्या वर कुठे ठेवणार? बाकीचेही हसले. तिला औषध माहीत होते, मात्रा माहीत होती, किती तासांनी द्यायचे तेही माहीत होते. पण त्यानंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती मला भेटायला आली तेव्हा एकच म्हणाली, "सर, मला इंग्रजी येत नाही."

मी तिला सांगितले, तुला इंग्रजी येते, तुझे एक अक्षर बदलायचे राहिले आहे. औषधाच्या दुकानात लोक काय म्हणतात? "तापासाठी काही आहे का?" साठी, म्हणजे 'फॉर'. 'मेडिसिन फॉर फीवर'. 'क्युअर', 'रेमेडी', 'ट्रीटमेंट' यांनाही तोच चालतो. मात्र आराम मिळतो तो दुखण्यापासून, म्हणून 'रिलीफ फ्रॉम पेन', आपल्या 'पासून'सारखाच. आणि 'ऑन मेडिसिन' असेही इंग्रजीत आहे, पण तेव्हा वर बसलेला असतो रुग्ण : त्याला औषध चालू आहे असा अर्थ. पंधरा-वीस मिनिटांचे काम होते. पुढच्या मुलाखतीत, दुसऱ्या रुग्णालयात, ती बोलली आणि लागली. तिची दहावीपर्यंतची सगळी वर्षे इंग्रजीच्या तासाला गेली होती, आणि ही पंधरा मिनिटे तिला कोणी दिली नव्हती.

आपल्या वर्गातली मुले आठवा. कोणी घरी कादोडी बोलत असे, कोणी वाडवळी, कोणी कोळी, कोणी आगरी, कोणी वारली पाड्यावरून येई. पुस्तकातली मराठी आपल्यापैकी अर्ध्यांच्या घरची नव्हतीच. म्हणजे पहिलीच्या वर्गात बसलो त्या दिवसापासून आपण दुसरी भाषा शिकत होतो, आणि शिकलोही. २००० सालापासून आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून आले. तरी मुलांची भीती गेलेली मला दिसली नाही, कारण 'इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचे नाही' ही पाटी बऱ्याच वर्गांतून निघालेली नाही. ज्या मुलाच्या हातात चावी आहे, त्याला आपण खिशात हात घालू नको म्हणतो.

चावी म्हटले म्हणून सांगतो. हा शब्द पोर्तुगिजांचा. १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षे वसई त्यांच्या ताब्यात होती. मराठीने त्यांच्याकडून चावी घेतली, पगार घेतला, बादली, बटाटा, पाव, लिलाव, घमेले घेतले. पण त्यांचा एकही 'चा-ची-चे' घेतला नाही. इंग्रजांकडून स्टेशन घेतले, तिकीट घेतले, आणि लगेच 'स्टेशनवर', 'तिकिटाचे' करून टाकले. नामे पाहुण्यासारखी येतात आणि घरची होतात. जोडणारे शब्द मात्र बहुतेक करून प्रत्येक भाषेचे स्वतःचे असतात, ते सहसा उसने मिळत नाहीत. म्हणून परकी भाषा शिकणारा माणूस सांध्यांत अडखळतो. यात लाज कसली?

आणि हे सांधे मराठीतून समजावणे ही काही नवी टूम नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. तर्खडकर हे आडनाव कुठले? आपल्या तालुक्यातल्या तरखड गावचे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला इथल्या कित्येकांच्या वडिलांच्या, आजोबांच्या ट्रंकेत असेल. मराठी वाक्य समोर ठेवायचे आणि त्याचे इंग्रजी करायचे, पुन्हा इंग्रजीचे मराठी करायचे. अशा रीतीने शिकून आपली माणसे कचेऱ्यांत, रेल्वेत, बँकांत गेली. मराठी झाकून ठेवून नव्हे, मराठी समोर ठेवून.

तेव्हा आता माझे मागणे. मेळाव्याच्या निधीतून शाळेला संगणक द्यायचे ठरले आहे, ते अवश्य द्या. त्याशिवाय एक वही द्या. आपण सगळे चाळीस-पन्नास वर्षे कुठे ना कुठे काम करत आलो आहोत. प्रत्येकाने आपल्या कामातली दहा इंग्रजी नामे सोबत्यासह लिहून द्यायची. बँकेतल्यांनी 'इंटरेस्ट ऑन', 'लोन फॉर' द्यावे. वकिलांनी 'टायटल टू द लँड' द्यावे, सात-बाराच्या गावात ते लागतेच. परिचारिकांनी 'ॲलर्जी टू' द्यावे, कारण तिथे चूक नुसती व्याकरणाची राहत नाही. बागायतदारांनी 'डॅमेज टू', रेल्वेवाल्यांनी 'रीझन फॉर' द्यावे, तो तर त्यांना रोजच द्यावा लागतो. समोर मराठी लिहायचे, आणि 'ला' बसतो, 'साठी' बसतो, की पाठ करायचे, तेवढी एक खूण करायची. ही वही नववी-दहावीच्या वर्गात ठेवू. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास येईन. माझ्या बॅचमधल्या दोघींनी येण्याचे कबूल केले आहे, त्यांची नावे आत्ता घेत नाही, नाहीतर त्यांना माघार घेता येणार नाही.

आणि घरी एक करा. नातू किंवा नात 'आन्सर ऑफ द क्वेश्चन' म्हणाली तर हसू नका. तिला विचारा, "बाळा, आपण प्रश्नाला काय देतो?" ती म्हणेल, "उत्तर." मग म्हणा, "कोणाला?" बाकीचे ती स्वतः करील.

माझी वीस मिनिटे संपली. सर, घंटा द्या.